द्वारकाबाईंचा समुद्र

द्वारकाबाई मुनेश्वर चपला काढल्या की लगेच त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवत. निघताना चाचपावं लागू नये म्हणून. चहाचे पहिले दोन घोट बशीतून घेत आणि उरलेला कपातून. साहेबांशी तेलुगू, दुकानदारांशी हिंदी, पोरांशी मराठी. कुत्र्यांशीही, का कोण जाणे, हिंदीच. “चलो, हटो,” म्हणत, आणि गावातली मराठी कुत्री निमूट बाजूला होत. खडू संपत आला की शेवटचा तुकडा नखात धरून फळ्यावर तारीख लिहीत. कोणाचंही नाव अर्धं घेत नसत. गावाने चंद्री करून टाकलेली पोरगी त्यांच्या तोंडी पूर्ण चंद्रभागा होती.

आणि रस्त्याने त्या नेहमी पुढे चालत. बोलायचं असलं तर मान वळवत नसत, आवाज वाढवत. मागच्याने ऐकून घ्यायचं.

चंद्रभागा मागून चालायची आणि ऐकून घ्यायची.

आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरहून पैनगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव होतं. त्या काळी तो भाग तामसी मंडळात, म्हणजे तिकडच्या छोट्या तालुक्यात, होता. गावात मराठी माध्यमाची सरकारी शाळा. द्वारकाबाई तिथल्या जुन्या शिक्षिका. त्यांच्या आईने लोकांच्या कापसात निंदण केलं होतं, आणि लेक आदिलाबादच्या वसतिगृहात राहून शिकली होती. बौद्ध मोहल्ल्यातली पगार घेणारी पहिली बाई. नवरा वीज खात्यात कारकून होता, तो लवकर गेला. मुलगा नांदेडला बायकापोरांत. बाई गावातच एका खोलीत राहत, चंद्रभागाच्या घरासमोर.

चंद्रभागाने नांदेडला एम.ए. केलं होतं, मराठी घेऊन. शिक्षकभरती निघायची, पण तिच्यात मराठीच्या जागा निघायच्या नाहीत. म्हणून ती त्याच शाळेत विद्या व्हालंटियर, म्हणजे मानधनावरची तात्पुरती शिक्षिका होती. वडील भिवाजी मंडळ कचेरीत शिपाई. त्यांच्या डोक्याला एकच घोर होता, पोरीचं लग्न.

या दोघींची मैत्री जमली ती पाहुणे आले त्या दिवशी.

पाहुणे किनवटचे. मुलगा, बाप, काका आणि मुलाची आजी. चहापोहे झाले. नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारून झालं. मग आजी म्हणाली, “पोरी, पाय ओले कर आन् दारापर्यंत चाल बरं.”

भिवाजी अवघडले. “आजी, आपन बौद्ध मानसं. आता हे काऊन?”

“आमी काई मानत नाई रे बाप्पा,” आजी म्हणाली. “पन पाहून घ्याव. पाहाले काय जाते?”

चंद्रभागा मोरीत जाऊन पाय ओले करून आली आणि चालली. फरशीवर पावलं उमटली. तळव्याला खोलगट भाग नव्हता, पाऊल पूर्ण उमटत होतं. आजी गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि दुकानात कापडाचा पोत बघावा तशी बघत राहिली.

“भरला तळवा हाये, घराले चांगला नाई,” ती मुलाच्या बापाला म्हणाली. मग हिच्याकडे वळून, “आखीन एकडाव चाल.”

समोरच्या द्वारकाबाई मदतीला म्हणून आल्या होत्या. हातात कपांचा ट्रे होता. तो त्यांनी खाली ठेवला. मोरीतला तांब्या उचलून स्वतःच्या पायावर ओतला, आणि पातळ जरा वर धरून दारापर्यंत चालत गेल्या. परत आल्या.

“माह्येही पाहून घ्या आजी. भरलेच हायेत. ह्याच पायाईले सरकार एवढी वर्सं पगार देऊन राह्यलं.”

काका हसला. आजी नाही हसली.

“बजारात बैलाले बी चालवून पाह्यतात,” बाई म्हणाल्या. “पन त्याले लाज नाई वाटत. पोरीले वाटते.”

ते लग्न जमलं नाही. चंद्रभागाची आई पंचफुला बरेच दिवस बाईंशी बोलली नाही. “आपल्या हातानं पोरीचं दार लावलं बाईनं,” असं ती विहिरीवर सांगत फिरायची.

चंद्रभागा मात्र त्या संध्याकाळी बाईंच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं नाही, काऊन आली म्हणून.

“मले तिघाईनं चालवलं होतं,” त्या म्हणाल्या. “चौथ्यानं नाई चालवलं. म्हनून त्याच्यासंगं लगीन केलं.”

“आन् त्यानं चालवलं असतं तं?”

“तं आज तुया शाळेत कुमारी द्वारका म्हनून हजेरी घेतली असती.”

दोघी हसल्या. मग बाई म्हणाल्या, “यापुढं कोनी चालाले लावलं तं मले हाक मार. तुयाऐवजी मी चालतो.”

हे वाक्य चंद्रभागाने जपून ठेवलं. तिला पुस्तकांतली पुष्कळ वाक्यं पाठ होती. पण तिच्यासाठी म्हणून कोणी बोललेलं हे पहिलं.

समुद्राची गोष्ट पुढल्या वर्षी निघाली.

तेलंगणाच्या आंदोलनाचे ते दिवस. आज बंद, उद्या रास्ता रोको. शिक्षकही संपावर जाऊन आले होते. एका दुपारी शाळा सुटल्यावर बाई वर्गातल्या नकाशासमोर उभ्या होत्या. नकाशा आंध्र प्रदेशाचा, अक्षरं तेलुगू. मराठी शाळेलाही तोच नकाशा यायचा.

“चंद्रभागा, इकडं ये. हे आपन.” त्यांनी वरच्या टोकाला बोट ठेवलं. मग ते बोट खाली, उजवीकडे ओढत नेलं, निळ्या रंगाला टेकेपर्यंत. “आन् हा समुद्र. एवढी वर्सं आपल्याच राज्यात हाये आन् मी एकडाव बी पाह्यला नाई.”

“मी बी नाई.”

“आता राज्य फुटलं तं हा जाईन त्याईच्या वाट्याले. आपल्याले काय राह्यलं? पैनगंगा. ते बी अर्धी, पलीकडली महाराष्ट्राची.”

“मंग?”

“मंग त्याच्या आदी जाऊन येऊ. आपलाच हाये तोवर.”

असं ते सुरू झालं. विशाखापट्टणमला बाईंची नणंद होती, प्रयागबाई. तिचा नवरा बंदरावर कामाला. मुक्काम तिच्याकडे करता येणार होता. चंद्रभागाने ना प्रयागबाईंना पाहिलं होतं, ना विशाखापट्टणम. पण बाईंना नुसतं जाऊन समुद्र बघायचा नव्हता.

“भेळ खावाची, फोटो काढाचा, वापस याचं, हे समुद्र पाह्यनं नाई,” त्या म्हणाल्या. “नदी आपल्याले कशी मालूम हाये? काठानं चालून. तसंच चालू. एक दिवस पुरा.”

मंडळ कचेरीत किनाऱ्याकडचे एक तेलुगू साहेब होते. बाईंनी त्यांना विचारून वाट ठरवली. विशाखापट्टणमच्या वर किनाऱ्याला भीमुनिपट्टणम नावाचं जुनं गाव आहे, लोक भीमिली म्हणतात. बसने तिथे जायचं, तांबडं फुटायच्या आत. गोस्तनी नदी समुद्राला मिळते ते बघायचं, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला चालत संध्याकाळपर्यंत शहर गाठायचं. वाटेत लाल मातीच्या टेकड्या. मध्ये तोटलकोंडा. ते नाव बाईंनी साहेबांकडून दोनदा वदवून घेतलं होतं. तिथे समुद्राकडे तोंड करून एका डोंगरावर भिक्खूंचा जुना विहार होता. आता विटांची जोती उरलीत आणि खडकात कोरलेली पाण्याची टाकी.

“दोन हजार वर्सांपूर्वी आपले लोक तिथं बसून समुद्र पाहून राह्यले होते,” त्या म्हणाल्या. “आन् आपन इथं कापूस येचून राह्यलो.”

“तिथं दुपारचं जेवू,” चंद्रभागा म्हणाली.

“तिथंच.”

ठरवण्यासारखं पुष्कळ होतं आणि दोघींना ठरवण्यातच गोडी लागली. भाकरी न्यायची की धपाटे? साहेब सांगत होते, समुद्राच्या हवेत भाकरी वातड होते. मग धपाटे आणि ठेचा. पाण्याच्या बाटल्या किती? ऊन? एप्रिलच्या अखेरीस सुट्ट्या लागल्यावर जायचं होतं.

“आपल्या उनापुढं त्याईचं ऊन म्हंजे सावली,” बाई म्हणाल्या. “त्याईले घाम येते, आपल्याले फोड येतात.”

आणि वरून खाली जायचं की खालून वर? बाई म्हणाल्या, उतरतीनेच जाऊ, चढतीने दम लागतो.

“समुद्राले उतार कुठं अस्ते बाई?”

“नकाशात तं खाली हाये ना शहर?”

“नकाशा भिताडावर हाये म्हनून खाली दिसते.”

“तू एम.ए. हाये म्हनून मले शिकवू नको. पानी डाव्या हाताले ठेवाचं, एवढं ध्यानात ठेव. पैनगंगेवर आपन तामसीकडं जाताना ठेवतो तसं. बस.”

नदीकाठच्या माणसाला पाणी कोणत्या हाताला आहे त्यावरून आपण कुठे चाललो ते कळतं. समुद्रालाही तोच हिशेब लावून दोघी निर्धास्त झाल्या.

चंद्रभागाला या दिवसाचं वेड का लागलं होतं, ते तिने घरी सांगितलं नव्हतं. घरी सांगितलं होतं, बाईंसोबत विशाखापट्टणम बघून येते. किनवटच्या पाहुण्यांनंतर आणखी दोन ठिकाणांहून निरोप आले होते. तिने सांगून टाकलं होतं, मी कोणासमोर बसणार नाही आणि चालणार नाही. भिवाजींनी डोकं धरलं. आईने जेवण सोडून पाहिलं. तेव्हापासून गावात ती पाण्याला निघाली तरी दारादारांतले डोळे तिच्या पायांवर असत, असं तिला वाटायचं. कोणी बघायला नाही, कोणाला दाखवायचं नाही, नुसतं चालायचं, असा एक पूर्ण दिवस तिला हवा होता. आयुष्यात एक. बाईंना तिने हे सांगितलं होतं. फक्त बाईंना.

“भेटन तुले,” बाई म्हणाल्या होत्या.

हिवाळा सरला, नदी आटली, वाळू उघडी पडली. बाईंनी सराव काढला. दर रविवारी सकाळी दोघी काठाने चालायच्या. जायचं तेव्हा पाणी डाव्या हाताला, यायचं तेव्हा उजव्या. पलीकडच्या काठावर महाराष्ट्रातल्या बायका धुणं आपटत असायच्या आणि ओरडून विचारायच्या, “कुठं निघाल्या वं बाई?”

“समुद्रावर!” द्वारकाबाई ओरडायच्या.

“येताना मीठ आना!”

या सरावात एक गोष्ट बदलली. बाई मागे चालायला लागल्या. आयुष्यभर पुढे चालणाऱ्या बाई.

“तू होय पुढं,” म्हणायच्या. “गुडघा कुरकुर करून राह्यला माहा.” आणि मागून सूचना यायच्या. मान वर ठेव. हात मोकळे सोड. पाय घसटू नको. चपला काढ, वाळूत चपलीनं कोन चालते? चंद्रभागाला वाटायचं, लांबचं चालायचं तर असंच शिकावं लागत असेल. ती मान वर ठेवायची. हात मोकळे सोडायची. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं, आपण खरंच बरं चालतोय. खांदे उघडले होते. वाळू गार असायची. आपले पाय आपल्याला आवडू शकतात, हे तिला तिथे कळलं.

फेब्रुवारीतला एक रविवार. वळणावरच्या बाभळीखाली एक बाई बसली होती. पन्नाशीची, अंगावर चांगलं पातळ, मांडीवर रुमालात बोरं. गावातली वाटत नव्हती.

“कुठल्या वं बाई तुमी?” द्वारकाबाईंनी विचारलं.

“भैंश्याकडची. लेकीकडं आली होती भीमपूरले. म्हनलं नदी पाहून याव.” तिने रुमाल पुढे केला. “घ्या, बोरं खा.”

चंद्रभागाने मूठभर घेतली. ती बाई उठली आणि त्यांच्यासोबत चालू लागली. थोडं मागे, द्वारकाबाईंच्या बाजूला. पाण्याजवळ वाळू ओली होती. एके ठिकाणी ती थांबली आणि चंद्रभागाच्या पावलाच्या ठशाशेजारी स्वतःचं पाऊल ठेवून हसली.

“केवढुसा पाय गं तुया, पोरी. बाहुलीचा जसा.”

चंद्रभागाही हसली. अनोळखी माणसाने पायाबद्दल काही बोलावं आणि आपल्याला राग येऊ नये, याचं तिला बरं वाटलं. ती बाई वळणावरून माघारी गेली. जाताना चंद्रभागाच्या पाठीवरून हात फिरवला.

“भली बाई होती,” चंद्रभागा म्हणाली.

“हो,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बोरं बी गोड होते.”

मार्चमध्ये तिकिटं काढली. आदिलाबादहून कृष्णा एक्स्प्रेसने सिकंदराबाद, तिथून दुसरी गाडी. बाई वाट पुन्हा पुन्हा समजावून सांगत. तोटलकोंड्यावरून उतरलं की ऋषिकोंडा लागतो. तिथे किनारा रुंद आहे, लोक बसलेले असतात. “तिथं आपन सावकाश चालू. मी जरा बसून घेईन. तू एकटीच त्या टोकापर्यंत जाऊन ये. पान्याजवळून. पातळाचा काठ भिजला तं भिजू दे.”

“मी पातळ कशाले नेसू? पंजाबी ड्रेस घालतो.”

“पाहू मंग,” बाई म्हणाल्या.

एप्रिल लागला. जयंती जवळ आली. मोहल्ल्यात निळे झेंडे शिवून आले, भिंती रंगायला लागल्या. पंचफुला आदिलाबादला जाऊन जयंतीसाठी पांढरी पातळं घेऊन आली, मायलेकींना एकेक. पिशवीत तिसरंही होतं. मोरपंखी, बारीक जरीच्या काठाचं.

“हे कोनाले?” चंद्रभागाने विचारलं.

“तुलेच. तिकडं नेसाले. विशाखापट्टणमले.”

“आई, वाळूत चालाचं हाये दिवसभर. हे कोन नेसते?”

“दिवसभर नोको नेसू. त्या ऋषिकोंड्यापाशी तेवढं. बाई म्हने तिथं बाथरूम हाये बदलाले.” आई घडी मोडून पातळ तिच्या खांद्याला लावून बघत होती. “चालताना बरी दिसशीन. पोरगा आन् त्याचा बाप तिथंच बसून राह्यतीन.”

“कोन पोरगा?”

पंचफुलाचा हात खांद्यावरच राहिला.

“प्रयागबाईचा. बंदरावर लागला तो.” मग सावकाश, “बाईनं सांगतलं नाई का तुले?”

आई घाबरून एकातून एक बोलत गेली. पोरगा चांगला हाये, पर्मनंट हाये, मागनं बिगनं काई नाई. तुले बसाले नाई लावत, विचारत बी नाई. तू आपली चालशीन, ते लांबून पाह्यतीन, पटलं तं मंग बोलतीन. आन् प्रयागबाईले तं तू पसंतच हाये. तिनं पाह्यलं ना तुले.

“कुठं पाह्यलं?”

“नदीवर. बोरं देल्ले नाई का तिनं? वाळूत तळवा भरला का खोल ते समजत नाई म्हने, पन चाल साजरी हाये. बाईनं चांगली बसवली.”

चंद्रभागाने खांद्यावरचं पातळ काढलं. नीट घडी घातली. आईच्या हातात दिलं आणि रस्ता ओलांडला.

द्वारकाबाई बाहेरच्या भिंतीला चुना लावत होत्या. डोक्याला टॉवेल, हातात कुंचा, चेहऱ्यावर पांढरे शिंतोडे. दाराच्या डाव्या अंगाची भिंत होत आली होती.

“ये चंद्रभागा. बरी आली. जरा बादली धर.”

“बोरं देनारी बाई तुमची नणंद होती?”

कुंचा भिंतीवरच थांबला. चुना ओघळला.

“तुमी तिले विचारलं, कुठल्या वं बाई तुमी. माह्यासमोर विचारलं.”

बाईंनी मान वळवली नाही. पण आवाजही वाढवला नाही.

“तुये बाबा माह्या उंबऱ्यावर येऊन रडले,” त्या म्हणाल्या. “मानूस रडताना पाह्यला नाई मी असा. म्हने, पोरगी कोनासमोर बसत नाई, तुमचंच ऐकते, तुमीच काई करा. मी म्हनलं, बसवू नका तिले. मी चालवतो.”

“मी चालवतो,” चंद्रभागा म्हणाली.

“तुले मान खाली घालावी लागनार नव्हती. पाय धुवाचे नव्हते. कोनी ‘आखीन एकडाव’ म्हननार नव्हतं. तू तुया चालीनं चालली असती समुद्राकाठून, मान वर करून. तशी मी कोनाले पाह्यली नाई कधी. तुले मालूम बी पडलं नसतं.”

“तेच तं बाई. मले मालूम पडलं नसतं.”

“सांगतलं असतं तं तू आली असती?”

“नाई.”

“मंग?”

“येनं आन् न येनं, तेवढंच माह्यं होतं. ते बी तुमी घेतलं.”

समोरच्या दारात पंचफुला येऊन उभी होती. शेजारच्या ओट्यावर दोन पोरं भांडण ऐकायला थांबली होती. बाईंनी त्यांना “चला, घरी जा” असं म्हटलं नाही, ही गोष्ट चंद्रभागाच्या उगाच लक्षात राहिली.

“समुद्र खोटा नव्हता, चंद्रभागा. मले खरंच पाहाचा होता. तोटलकोंडा बी खरा.”

“समुद्र खराच राह्यते. त्यानं काय केलं?”

“मी काई मानत नाई हे,” बाई म्हणाल्या. “पाय-बिय. तुले मालूम हाये. पन प्रयाग म्हने, पाहून घेऊ, पाहाले काय…”

त्या थांबल्या. आपण काय बोलत होतो ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं. चंद्रभागा त्यांच्याकडे बघत होती. इतकी वर्षं पाठमोऱ्या ऐकलेल्या बाईंचा चेहरा तिने एवढ्या जवळून, एवढा वेळ पहिल्यांदाच बघितला. चुन्याचा एक थेंब भुवईवर वाळला होता. तो पुसावासा वाटला. तिने हात उचलला नाही.

“तुमी म्हनल्या होत्या, कोनी चालाले लावलं तं हाक मार.” चंद्रभागा म्हणाली. “आता कोनाले हाक मारू?”

बाईंनी कुंचा बादलीत ठेवला. हात पातळाला पुसले, त्याचे पांढरे पट्टे उमटले. त्या आत गेल्या. दार लावलं नाही, नुसतं लोटलं.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडंच आहे. भिवाजींनी तिकिटं रद्द केली. पंचफुलाने मोरपंखी पातळ ट्रंकेत टाकलं. विशाखापट्टणमहून पुन्हा निरोप आला नाही. जयंतीला द्वारकाबाई दरवर्षी भाषण करत. त्या वर्षी त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि कोणी उठलं नाही. त्या आदल्या दिवशीच नांदेडला मुलाकडे गेल्या होत्या. निवृत्तीला थोडे महिने उरले होते, ते त्यांनी रजेवर काढले. सामान न्यायला मुलगा टेम्पो घेऊन आला. “आई म्हणते, चंद्रभागाताईंना जय भीम सांग,” एवढं म्हणून तो गेला.

चंद्रभागा पुढल्या वर्षी आदिलाबादला, मावला भागातल्या एका खाजगी शाळेत लागली. रोज बसने जाते, बसने येते. कोणी विचारलं की सांगते, लग्नाचं मी बघेन माझं. आता घरात कोणी उलट बोलत नाही. नदीवर ती जात नाही. समुद्र तिने अजून पाहिलेला नाही. मध्येच कधी विचार येतो, खरोखर त्या दिवशी चालले असते, काही न कळता, पाणी डाव्या हाताला ठेवून, तर तो आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस ठरला असता. तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

बाईंची खोली तेव्हापासून रिकामी आहे. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्या मोहल्ल्याने ती भिंत पाहिली. दाराच्या डाव्या अंगाला पांढरी, उजव्या अंगाला मातकट. मधली कड सरळ नाही. कुंचा जिथे थांबला तिथे चुन्याचा एक ओघळ खालपर्यंत आलेला आहे. बादलीतला चुना उन्हाने दगड झाला, कुंचा त्यातच उभा रुतला. पंचफुला एकदा म्हणाली, घरात चुना उरला हाये, तेवढी भिंत मारून टाकतो, डोळ्याले बरं नाई दिसत.

“राहू दे,” चंद्रभागा म्हणाली. “ते बाईचं काम हाये.”